पाणी उगमापासून नळापर्यंत: तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर थोडंसं लिहिलं आणि पत्रं यायला लागली ती अजून येतायत. बरेच प्रश्न एकाच वळणाचे आहेत, कुठला फिल्टर घेऊ, उकळलं की झालं ना, क्लोरीन वाईट असतं का. म्हणजे सगळ्यांचं लक्ष नळाच्या तोंडाशी. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत त्यामुळे मला राहवत नाही, नळाच्या मागे जे काही असतं त्याबद्दल आधी बोलूया. निवडक प्रश्न घेतलेत, नावं गाळलीत.

प्रश्न: पाणी शेवटी प्लांटमध्ये शुद्ध होतंच ना? मग तलावाभोवती कुंपण घाला, विहिरीजवळ गुरं बांधू नका, हे सगळं कशासाठी? तेवढा खर्च प्लांटवरच केला तर?

हा प्रश्न मला इंजिनिअर लोकांनीही विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्लांटला ठराविक प्रकारचं पाणी झेपतं. पाऊस पडला, एका रात्रीत नदी लाल झाली, गढूळपणा दहापट वाढला की तुरटीचा डोस बदलायचा, गाळ जास्त बसतो तो काढायचा, फिल्टर लवकर चोंदतात ते धुवायचे, पाणी क्लोरीन जास्त खातं म्हणून ते वाढवायचं, आणि हे सगळं एकाच वेळी, बहुतेक वेळा रात्री, दोनच माणसं ड्यूटीवर असताना. आमच्याकडे जार टेस्ट करायचो, सहा बीकरमध्ये तेच पाणी घेऊन वेगवेगळा तुरटीचा डोस टाकायचा आणि कुठल्यात गाळ छान बसतो ते बघायचं. पण ती टेस्ट होऊन डोस बदलेपर्यंत पाणी काही थांबत नाही, ते पुढे जातच असतं. म्हणून वरूनच घाण कमी येईल असं बघणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, असं माझं ठाम मत आहे.

कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं गाव आहे, जेमतेम पाच हजार वस्तीचं. मे २००० मध्ये तिथे बरेच दिवस जोराचा पाऊस झाला, शेतातलं शेणखत धुऊन एका उथळ विहिरीच्या पाण्यात उतरलं आणि त्यातून ई. कोलाय या जिवाणूचा एक घातक प्रकार अख्ख्या गावाच्या नळात गेला. ७ माणसं दगावली, २३०० च्या वर आजारी पडली. नंतर मोठी चौकशी झाली आणि त्यात जे निघालं ते पाण्याच्या कामात असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी समजून घ्यावं असं आहे. शेतकऱ्याचा दोष नव्हता, त्याने खत नीट पद्धतीनेच टाकलं होतं. विहीर उथळ होती आणि घाण सहज पोचेल अशा जागी होती. क्लोरीन कमी सोडलं जात होतं, रोज मोजायला हवं ते मोजलं जात नव्हतं आणि रजिस्टरमध्ये न मोजताच आकडे भरले जात होते. आणि तिथे काम करणारी माणसं स्वतः ते क्लोरीन न टाकलेलं पाणी प्यायची, त्यांना मनापासून वाटायचं की आपलं पाणी चांगलंच आहे. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. त्यांना गावाचं वाईट करायचं नव्हतं, पण आपल्या पाण्यावरच्या विश्वासापुढे मोजमाप मागे पडलं. त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारे मीटर असते तर ही साथ टळली असती, असं चौकशी अहवालात स्पष्ट म्हटलंय.

एका ठिकाणी मी स्वतः असं रजिस्टर पाहिलंय. महिनाभर प्रत्येक तासाला क्लोरीन ०.५, ०.५, ०.५, एकाच पेनाने, एकाच हाताने. खऱ्या पाण्याचे आकडे असे कधीच येत नाहीत, ते हलतात. आकडा हलत नसेल तर तो मोजलेला नाही, हे मी तेव्हापासून पक्कं धरून चालते.

तसंच ऑगस्ट २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थला झालं. बोअरचं पाणी, जमिनीखालचं, सुरक्षित समजलेलं, म्हणून क्लोरीनच टाकत नव्हते. जोराचा पाऊस झाला, मेंढ्यांची विष्ठा जवळच्या तळ्यातून भूजलात झिरपली आणि हजारो लोकांना कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या, जुलाब आणणाऱ्या जिवाणूची लागण झाली. म्हणजे बोअर आहे म्हणून निर्धास्त राहायचं हेही गेलं.

आता उलटं उदाहरण. न्यूयॉर्क शहराला ९० टक्क्यांच्या आसपास पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर नावाच्या डोंगराळ खोऱ्यांतून येतं आणि ते पाणी गाळलं जात नाही, फिल्टर प्लांट नाहीच. क्लोरीन आणि अल्ट्राव्हायोलेट किरणं वापरतात, पण मुख्य भिस्त खोऱ्यावर. १९९७ मध्ये शहराने तिथल्या गावांशी करार केला, जमिनी विकत घेतल्या, तिथल्या घरांचे सेप्टिक टँक दुरुस्त करायला पैसे दिले, शेतकऱ्यांना गोठ्याचं पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून मदत केली. अवाढव्य फिल्टर प्लांट बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. आणि वरच्या गावांना नुसते नियम लावले नाहीत, पैसे पण दिले, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण खाली शहर पाणी पिणार आणि त्याची बंधनं वरच्यांनी फुकटात सोसायची असं फार दिवस चालत नाही.

प्रश्न: आमच्या नळाला कधीकधी क्लोरीनचा उग्र वास येतो. असं पाणी मुलांना देणं बरोबर आहे का? कॅन्सर होतो असं वाचलंय.

वासाने घाबरू नका, उलट माझ्यासारखीला वास अजिबात आला नाही की काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की पाण्यात क्लोरीन टाकल्यावर निदान ३० मिनिटं जाऊ द्यावीत आणि त्यानंतरही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक असावं, आणि लांबच्या शेवटच्या नळाशीही ०.२ च्या खाली जाऊ नये. हे जे शिल्लक असतं ना, ते वाटेतल्या प्रवासासाठी असतं, पाइपमध्ये कुठे थोडी घाण शिरली तर तिला तोंड द्यायला. ते वाटेतच संपलं तर त्यापुढचं पाणी उघडं पडतं.

३० मिनिटं का, तर क्लोरीनला वेळ लागतो. डोस आणि वेळ यांचा गुणाकार महत्त्वाचा. पाणी थंड असेल, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) जास्त असेल तर अजून हळू काम करतं, आणि पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांच्या आडोशाला बसतात आणि क्लोरीन त्या मातीवरच खर्च होतं. म्हणून आधी गाळायचं आणि मग क्लोरीन, हा क्रम उलटा करून चालत नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर, क्लोरीन आणि पाण्यातला पालापाचोळ्याचा सेंद्रिय अंश यांची रिॲक्शन होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी काही संयुगं तयार होतात, हे खरं आहे, त्यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. पण त्यावरचा उपाय म्हणजे क्लोरीन टाकण्याआधी तो सेंद्रिय अंश काढणं, क्लोरीन कमी करणं नव्हे. या संयुगांचा धोका आणि निर्जंतुकीकरण न केल्याचा धोका यांची तुलनाच होत नाही, दुसरा फार फार मोठा आहे.

क्लोरीन सगळं मारतं असंही नाही बरं का. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आहे, त्याचं कवच इतकं टणक की पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही. त्याला फिल्टरनेच अडवावं लागतं, नाहीतर अल्ट्राव्हायोलेटने निकामी करावं लागतं. म्हणून एकाच गोष्टीवर सगळा भार टाकायचा नाही, प्रत्येक टप्प्याने असंच समजायचं की आधीचा टप्पा आज चुकलाय.

वास उग्र आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर मात्र कळवा. कधीकधी तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसून पाण्यात अमोनिया आल्याचा असतो, आणि अमोनिया का आला हे शोधायलाच हवं.

प्रश्न: पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, चवही छान. तरी टेस्ट करायची गरज आहे का?

हो. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी लोकांना इतकं आवडायचं की एक बाई लांब राहायला गेल्या तरी मुद्दाम तिथूनच मागवून प्यायच्या. त्या पाण्यानेच त्यांना कॉलरा झाला आणि त्या गेल्या. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठेकुठे झाले ते शोधून पंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. विहिरीला लागूनच एक गळका मैल्याचा खड्डा होता. चव आणि रंग यांच्यावरून जंतूंचं काहीच कळत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, जंतूंच्या टेस्टचा रिझल्ट यायला साधारण एक दिवस लागतो, तोपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊन झालेलं असतं. ती टेस्ट म्हणजे कालच्या पाण्याचं प्रगतिपुस्तक. आजचं पाणी सांभाळायचं तर गढूळपणा आणि क्लोरीन दर मिनिटाला बघायला हवं. याच विचारातून जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये वॉटर सेफ्टी प्लॅनची पद्धत पुढे आणली, म्हणजे उगमापासून नळापर्यंत कुठे काय बिघडू शकतं ते आधीच लिहून काढायचं, तिथे कोण लक्ष ठेवणार आणि बिघडलं तर कोणी काय करायचं हेही लिहायचं.

प्रश्न: आमच्याकडे पाणी ठराविक वेळ येतं. पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ असतं, मग साफ. प्रेशर कमी म्हणून काही जणांनी डायरेक्ट लाइनलाच मोटर लावलीय. यात काही धोका आहे का?

आहे, आणि माझ्या मते या सगळ्या पत्रांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

पाइपमध्ये दाब असतो तोपर्यंत गळकी जागा म्हणजे फक्त नुकसान, पाणी आतून बाहेर जातं, बाहेरचं आत येऊ शकत नाही. सप्लाय बंद झाला की पाइप रिकामा होत जातो, दाब शून्यावर येतो, कधीकधी शून्याच्याही खाली, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून आजूबाजूच्या मातीतलं पाणी आत ओढलं जातं. त्या मातीत काय आहे? शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल आणि तीही गळत असेल तर तेच. मग दुसऱ्या दिवशी सप्लाय सुरू झाला की आत साचलेलं सगळं आणि पाइपच्या आतला सुटलेला थर पहिल्या लोंढ्याबरोबर तुमच्या नळात. ती पहिली पाच-दहा मिनिटं हीच आहेत. ते पाणी पिण्यासाठी भरू नका, धुण्याला, झाडांना वापरा आणि पूर्ण साफ आल्यावरच पिण्याचं भरा.

आता मोटरचं. डायरेक्ट लाइनवर मोटर लावली की ती पाइपमधून पाणी खेचते, म्हणजे ज्या वेळी पाइपला दाब असायला हवा नेमक्या त्याच वेळी तिथे ओढ तयार होते. आपण शेजाऱ्याचं पाणी ओढतो हा एक भाग झाला, पण त्याच्याबरोबर आजूबाजूचं गटारही लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि ते फक्त मोटरवाल्याच्या घरात जात नाही, त्या लाइनवरच्या सगळ्यांच्या घरात जातं. मोटर लावणाऱ्याची अडचण मला कळते, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, काय करणार. पण मग पाणी आधी खालच्या टाकीत आपल्या दाबाने पडू द्या आणि मोटर त्या टाकीवर लावा. टाकीत पडणाऱ्या पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहू द्या, मध्ये हवेचं अंतर हवं, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये जाणार नाही.

हेच बागेच्या नळीला. नळीचं तोंड बादलीत किंवा औषधाच्या ड्रममध्ये बुडवून ठेवलं आणि तेवढ्यात लाइनचा दाब गेला तर ड्रममधलं सगळं उलटं पाइपमध्ये जातं. एवढीशी नळी, पण धोका अख्ख्या गल्लीला.

पाणीपुरवठा विभागाच्या बाजूने बोलायचं तर ड्रेनेज आणि पाण्याची लाइन एकाच चरात टाकू नयेत, दोघींमध्ये साधारण ३ मीटर अंतर ठेवायची पद्धत आहे आणि जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे पाण्याची लाइन वर हवी. पाइप फुटून दुरुस्त केला की माती भरून निघून जायचं नाही, लाइन धुवायची, क्लोरीन भरून ठेवायचं, टेस्ट करायची आणि मगच सप्लाय सुरू करायचा. घाईच्या वेळी लोकांच्या शिव्या खाऊन हे करणं सोपं नाही, मला माहीत आहे, पण साथी अशाच घाईतून लागतात. आणि चोवीस तास पाणी ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांना सांगा, लाइनमध्ये सतत दाब असणं हीच बाहेरची घाण बाहेर ठेवायची सगळ्यात मोठी भिंत आहे.

प्रश्न: घर जुनं आहे, पाइप शिशाचे असतील अशी शंका आहे. उकळलं तर चालेल?

नाही. शिसं उकळून जात नाही, पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात शिशाचं प्रमाण उलट थोडं वाढतं. अमेरिकेत फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, नदीचं पाणी घ्यायला लागले, पण पाइप गंजू नयेत म्हणून टाकायचं रसायन टाकलं नाही. जुन्या पाइपच्या आत वर्षानुवर्षं जमलेला संरक्षक थर सुटला आणि शिसं पाण्यात उतरलं. प्लांटमधून निघालेल्या पाण्यात शिसं नव्हतं, ते लोकांच्या घराजवळच्या पाइपांत आलं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, त्यामुळे पाइप बदलणं हाच खरा उपाय. तोपर्यंत रात्रभर तुंबलेलं पाणी सोडून द्या, पिण्याला आणि स्वयंपाकाला थंड पाण्याचाच नळ वापरा, आणि लॅबमधून शिशाची टेस्ट करून घ्या.

प्रश्न: मग उकळण्याचा उपयोग तरी कधी?

जंतूंसाठी उत्तम. खळखळून उकळी आली की एक मिनिट ठेवा, दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. पण नायट्रेट, आर्सेनिक, फ्लोराइड यातलं काही उकळून जात नाही. आणि तलावात हिरवी साय येते ना, त्या शेवाळासारख्या जिवाणूंचं विष असेल तर उकळल्याने फायदा होत नाही, वाढूही शकतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच विषामुळे ४ लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असं सांगावं लागलं होतं. ही साय येते ती शेतातलं खत आणि सांडपाणी तलावात गेल्यामुळे, म्हणजे पुन्हा पहिल्याच प्रश्नाकडे आलो.

प्रश्न: इमारतीवरची टाकी किती दिवसांनी धुवावी?

सहा महिन्यांतून एकदा तरी. झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी हवी, मेलेले पक्षी आणि उंदीर मी टाक्यांमध्ये स्वतः पाहिलेत. घासून गाळ काढल्यावर टाकी भरा, हजार लिटरला साधारण दोनशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणी ओता, रात्रभर ठेवा, सकाळी पूर्ण सोडून द्या आणि मग पिण्यासाठी भरा. उघड्या पोत्यात राहिलेल्या जुन्या पावडरीतलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, ती वापरू नका.

प्रश्न: पाण्याला वास येतोय म्हणून मी दोनदा फोन केला. "प्लांटवर सगळं नॉर्मल आहे" असं सांगून ठेवून दिला. अशा तक्रारीचा काही उपयोग होतो का?

होतो. १९९३ च्या वसंतात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याच क्रिप्टोस्पोरिडियमची साथ आली, ४ लाखांच्या वर लोक आजारी पडले असा नंतरचा अंदाज आहे. एका प्लांटमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता, पण तेव्हाच्या नियमांत तो बसत होता, म्हणजे कागदावर सगळं नॉर्मलच होतं. काहीतरी बिघडलंय हे कळलं ते शाळेत आणि दवाखान्यात कर्मचारी एकाएकी कमी यायला लागले आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या दुकानांतून संपल्या तेव्हा. लोकांचे फोन, औषधांचा खप, शाळेतल्या गैरहजेऱ्या, हे सगळं पाण्याचंच रीडिंग आहे, फक्त ते प्लांटच्या मीटरवर दिसत नाही. प्लांट नॉर्मल आहे हे उत्तर खरंही असेल, पण तुमचा नळ प्लांटपासून लांब आहे, मध्ये काय झालं ते प्लांटला दिसत नाही.

त्यामुळे तिसऱ्यांदा फोन करा, पण नुसतं वास येतो म्हणू नका. किती वाजता आला, गटारासारखा, मातीसारखा की रॉकेलसारखा, सप्लाय सुरू होताना येतो की पूर्ण वेळ, पाण्याला रंग आहे का, जवळपास कुठे खोदकाम चालू आहे का, हे लिहून ठेवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. एक स्वच्छ धुतलेली काचेची बाटली भरून तारीख लिहून ठेवा. ती जंतूंच्या टेस्टला चालणार नाही, त्यासाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली लागते, पण येणाऱ्या माणसाला रंग आणि गाळ दाखवता येईल. शेवटच्या नळाशी क्लोरीन किती येतंय ते मोजून दाखवा असं सरळ सांगा, त्या टेस्टला दोन मिनिटं लागतात. गटाराचा वास असेल तर टेस्ट होईपर्यंत पाणी उकळूनच प्या, रॉकेलचा किंवा कुठल्या केमिकलचा असेल तर अजिबात पिऊ नका, तिथे उकळून उपयोग नाही. आणि फोन करण्याआधी शेजारच्या दोन घरांत विचारून या, त्यांच्याकडेही तसंच येतंय का, कारण एकाच लाइनवरून तीन तक्रारी गेल्या की कुठला व्हॉल्व आणि कुठला तुकडा तपासायचा हे तिथल्या माणसाला लगेच कळतं.